व्यसनी माणूस आणि तुरुंगाचं दार : दीडशे वर्षांचा हिशेब

(पनवेल येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



पनवेलमध्ये तुरुंगाच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की श्रोत्यांच्या मनात पहिलं नाव येतं ते वासुदेव बळवंत फडक्यांचं. साहजिकच आहे. शिरढोण आपल्याच तालुक्यात. १८४५ साली तिथे जन्मलेला हा माणूस १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात गेला. तुरुंग म्हटलं की आपल्याला देशभक्त आठवतात, आणि ते योग्यच आहे.

पण त्याच काळापासून आजपर्यंत तुरुंगात जाणारा आणखी एक माणूस आहे. त्याचा पुतळा होत नाही, जयंती होत नाही. दारू गाळली म्हणून, प्यायली म्हणून, खिशात गांजाची पुडी सापडली म्हणून, गर्दच्या पैशांसाठी मोबाइल चोरला म्हणून आत गेलेला हा माणूस. आज आपल्या तालुक्यात तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. तिथे रोज अशी माणसं आत जातात आणि बाहेर येतात. आजचा विषय हाच : व्यसनी माणूस तुरुंगाच्या दारात येतो तेव्हा कायदा त्याच्याकडे कसा बघत आला, आणि त्याला बरं करायची जबाबदारी कोणावर टाकली गेली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. व्यसनाला गुन्हा ठरवण्याचं काम आपल्याकडे वेळोवेळी मोठ्या तत्परतेने झालं. व्यसन हा आजार आहे हेही कायद्याने अधूनमधून मान्य केलं. पण तुरुंगाचं दार आणि दवाखान्याचं दार यांच्यामधला रस्ता मात्र कोणी बांधला नाही. दीडशे वर्षांचा हिशेब मांडला तर बाकी तिथे निघते.

मोहाच्या फुलांपासून सुरुवात

सुरुवात करू आपल्याच भागापासून. १८७८ साली मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्याआधी गावोगावी छोट्या भट्ट्या होत्या. ठाकूर, कातकरी मोहाची फुलं वेचायचे, घरच्यापुरती दारू गाळायचे. सरकारला यातून महसूल हवा होता, आणि तो गावोगावच्या भट्टीतून गोळा करणं अवघड. म्हणून दारू गाळणं काही ठरावीक ठिकाणी आणलं गेलं. त्यातलं एक मोठं ठिकाण म्हणजे उरण. उरणच्या पारशी मालकांच्या भट्ट्यांतली मोहाची दारू मुंबई शहराला जायची. आणि डोंगरातल्या माणसाने स्वतःसाठी गाळलेली दारू? ती झाली चोरटी दारू.

पुढे १८९२ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाचा कायदा झाला. पनवेल आधी ठाणे जिल्ह्यात होतं, मग कुलाब्यात आलं, म्हणजे कुठूनही बघा, आपण त्या कायद्याखाली होतोच. या कायद्याने दारूच काय, मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरही बंधनं आली. आता मोह म्हणजे निव्वळ दारू नव्हे. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की सुकवलेली फुलं शिजवून खायची पद्धत होती. म्हणजे ज्या टोपलीत पोरांचं खाणं, त्याच टोपलीत गुन्ह्याचा पुरावा.

हे एवढ्यासाठी सांगितलं की नशेच्या कायद्यांचा आपल्याकडचा पहिला धडा आरोग्याचा नव्हता, महसुलाचा होता. कोण किती पितो, त्याने त्याचं काय होतं, हा प्रश्नच नव्हता. कर भरून प्यायलास तर ग्राहक, न भरता प्यायलास तर आरोपी.

१८९४ : एकाच वर्षातली दोन कागदपत्रं

१८९४ हे वर्ष आपल्या विषयासाठी महत्त्वाचं. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या.

एक म्हणजे भारताचा तुरुंग कायदा, प्रिझन्स अॅक्ट. त्यातली दोन कलमं बघू. कलम २४ सांगतं की कैदी आत आला की लवकरात लवकर त्याची वैद्यकीय तपासणी व्हावी, आणि त्याची तब्येत, अंगावरच्या जखमा, खुणा एका वहीत लिहाव्यात. आणखी काय लिहावं? तर त्याला कोणत्या दर्जाची मजुरी झेपेल ते. दुसरं कलम ४२. मनाई केलेली वस्तू तुरुंगात आणली किंवा बाहेर नेली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे नशेच्या पदार्थाबद्दल कायद्याचा विचार एवढाच, की तो भिंतीच्या आत येऊ नये. पण तो पदार्थ ज्याच्या रक्तात आधीच आहे, त्या माणसाचं काय करायचं? त्याच्यासाठी वहीत रकाना नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे भांग-गांजा आयोगाचा अहवाल. १८९३ मध्ये नेमलेल्या या आयोगाने देशभर फिरून ११९३ साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला. गांजाने माणसं वेडी होतात, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता आणि पुरावा म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतले आकडे दाखवले जायचे. आयोगाने त्या नोंदवह्या तपासल्या. तेव्हा काय सापडलं? वेडाचं कारण या रकान्यात 'गांजा' असं लिहिलेलं असायचं, पण ते बऱ्याचदा डॉक्टरने शोधून काढलेलं नसायचं. माणसाला पोहोचवायला आलेल्या पोलिसांच्या कागदावर जे होतं, ते तसंच उतरवलेलं. कारण माहीत नाही? लिहा गांजा.

मला या दोन कागदपत्रांत एक साम्य दिसतं. तुरुंगाच्या वहीत व्यसनाचा रकाना नाही, आणि इस्पितळाच्या वहीत रकाना आहे पण तो पोलिसांनी भरलेला. व्यसनी माणसाला स्वतःला कोणी काही विचारलेलंच नाही. आणि हा १८९४ चा तुरुंग कायदा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिला, थोडेथोडके नाही, कितीतरी दशकं.

दारूबंदी : श्रीमंताला डॉक्टर, गरिबाला हवालदार

आता स्वातंत्र्याच्या आसपास येऊ. १९३९ साली बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली, डॉ. गिल्डर त्या खात्याचे मंत्री होते. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल १९५० पासून मोरारजीभाईंच्या आग्रहाने राज्यभर संपूर्ण दारूबंदी झाली.

यामागचा हेतू महसुलाचा नव्हता, हे मान्य करायला हवं. उलट सरकारने महसुलावर पाणी सोडलं. गांधीजींची शिकवण होती, दारूने उद्ध्वस्त झालेल्या घरांतल्या बायकांचा आक्रोश होता. पण हेतू बदलला तरी साधन तेच राहिलं : पोलीस, कोर्ट, तुरुंग. नुसतं पिणं हाही आता तुरुंगात जाण्याजोगा गुन्हा झाला. खाडीकाठच्या तिवरांत हातभट्ट्या लागल्या, मुंबईत आंटीचे अड्डे निघाले, आणि कोर्टांत दारूबंदीच्या खटल्यांची रांग लागली.

त्याच कायद्यात परवान्याची सोय होती. तब्येतीच्या कारणावरून दारू प्यायचा परवाना मिळायचा. आता हा परवाना कोणाला मिळणार? ज्याला डॉक्टरकडे जाऊन दाखला आणता येतो, फी भरता येते, त्याला. म्हणजे त्याच सवयीसाठी एकाच्या वाट्याला डॉक्टर आला आणि दुसऱ्याच्या वाट्याला हवालदार.

इथे थोडं वैद्यकशास्त्र सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरायला लागतात, घाम येतो, झोप उडते. कोणाला फिट येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काही जणांना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, माणूस आरडाओरडा करतो. यात जीव जाऊ शकतो. उपाय महाग नाही : शांत करणाऱ्या गोळ्या ठरावीक मात्रेत, बी-१ जीवनसत्त्व, पाणी, लक्ष ठेवणारं माणूस. पण हे दोन-तीन दिवस कुठे जातात? पोलीस कोठडीत, नाहीतर तुरुंगातल्या पहिल्या रात्रीत. आणि तिथे या लक्षणांना एकच नाव असतं : नाटक. 'नाटकं करतोय साला, दोन दिवसांत सरळ होईल.' दोन दिवसांत तो सरळ होतो किंवा मरतो. हे दोन दिवस म्हणजे आपल्या विषयाचा गाभा आहे. लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहेत.

साठच्या दशकात महाराष्ट्राने दारूबंदी बरीच सैल केली. तुरुंगातली ती गर्दी ओसरली. पण त्यातून आपण काही शिकलो का? उत्तर ऐंशीच्या दशकात मिळालं.

गर्द आणि एका वर्षात आलेली दोन उत्तरं

१९७९ च्या सुमारास अफगाणिस्तानात युद्ध पेटलं, इराणमध्ये क्रांती झाली, अफूचे जुने रस्ते बदलले. १९८० च्या सुमारास मुंबईत ब्राऊन शुगर आली. मराठीत तिला नाव पडलं 'गर्द', आणि ओढणाऱ्याला 'गर्दुल्ला'. या शब्दाकडे जरा बघा. दारूड्या म्हणताना निदान एक माणूस डोळ्यांसमोर येतो. गर्दुल्ला म्हटलं की रेल्वेच्या पुलाखालचं एक गाठोडं दिसतं.

गर्द बंद झाल्यावर जो त्रास होतो त्याला व्यसनी मंडळी 'टर्की' म्हणतात. हाडं मोडल्यासारखी दुखतात, नाक-डोळे वाहतात, उलट्या, जुलाब, रात्र-रात्र झोप नाही. आठ-बारा तासांत सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठते, आठवड्या-दहा दिवसांत उतरते. दारूसारखा यात सहसा जीव जात नाही, पण माणूस त्या वेळी सुटकेसाठी काहीही कबूल करेल, कशावरही सही करेल. कोठडीच्या संदर्भात या वाक्याचा अर्थ तुम्हीच लावा.

या संकटाला दोन उत्तरं मिळाली, तीही एका वर्षाच्या आत. पहिलं दिल्लीहून आलं. अमली पदार्थविरोधी कायदा, ज्याला आपण एनडीपीएस म्हणतो, तो १४ नोव्हेंबर १९८५ ला लागू झाला. दुसरं पुण्यात उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दच्या दुनियेवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. कुठे? येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. येरवड्याला मनोरुग्णालयही आहे आणि मध्यवर्ती कारागृहही. एकाच उपनगरात व्यसनी माणसाकडे बघायच्या दोन तऱ्हा शेजारी-शेजारी नांदत होत्या. एकीकडे त्याला रुग्णमित्र भेटत होता, जो स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला. दुसरीकडे नंबर मिळत होता.

आता या कायद्यातली गंमत सांगतो. गंमत म्हणजे हसण्यासारखी नाही. १९८५ च्या मूळ कायद्यातच कलम ३९ आहे. ते म्हणतं, दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल आणि गुन्हा सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा असेल, तर कोर्ट त्याला लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीने, सरकारमान्य ठिकाणी उपचारासाठी सोडू शकतं. तो बंधपत्र लिहून देईल, उपचाराचा अहवाल कोर्टाला देईल. नंतरच्या दुरुस्त्यांनी आलेलं कलम ६४-ए आणखी पुढे जातं. अशा व्यसनी आरोपीने आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेतले, ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटलाच चालणार नाही. म्हणजे दवाखान्याकडे जाणारी वाट कायद्याच्या पुस्तकात छापलेली आहे.

पण त्याच पुस्तकात दुसरीकडे दहा वर्षांची किमान शिक्षा होती, आणि सापडलेला माल स्वतःसाठीच होता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर होती. केरळमधला एक खटला १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आला. आरोपीकडे सापडलेलं हेरॉईन किती? १०० मिलिग्रॅम. किंमत २५ रुपये. खालच्या कोर्टाची शिक्षा दहा वर्षं आणि एक लाख दंड. सर्वोच्च न्यायालयाने हा माल स्वतःच्या सेवनासाठीच होता असं मानून शिक्षा कमी केली. २००१ मध्ये कायदा बदलला, 'अल्प प्रमाण' आणि 'व्यापारी प्रमाण' असा भेद आला. हेरॉईनला अल्प म्हणजे ५ ग्रॅम, व्यापारी म्हणजे २५० ग्रॅम. गांजाला १ किलो आणि २० किलो. आज निव्वळ सेवनाला, पदार्थानुसार, सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षा आहे.

मग ३९ आणि ६४-ए ची वाट फारशी का चालली जात नाही? कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून विचार करा. पुडीसह पकडलेला पोरगा टर्कीत आहे. घरच्यांनी नाव टाकलंय. वकील म्हणतो, 'गुन्हा कबूल कर, दंड भर, आज संध्याकाळी मोकळा होशील.' दुसरी वाट घ्यायची तर अर्ज लिहा, व्यसनी असल्याचा वैद्यकीय दाखला आणा, मान्यताप्राप्त केंद्रात खाट आहे का बघा, बंधपत्र द्या, महिनोन्महिने अहवाल द्या. टर्कीतला माणूस कोणती वाट घेईल? दंड भरून तो थेट पुडीवाल्याकडे जातो. आणि ज्याच्याकडे दंडाचे पैसे नाहीत तो आत जातो. कोणीच दुष्ट नाही, प्रत्येक जण आपलं काम उरकतोय. पण तिसरा कोणीतरी, ज्याने त्या पोराचा हात धरून त्याला दुसऱ्या वाटेवर न्यावं, तो माणूस त्या व्हरांड्यात नाही.

भिंतीच्या आत

तुरुंगात नशा मिळते का, हा प्रश्न मला नेहमी विचारतात. जगातल्या बहुतेक तुरुंगांत मिळते, आपलेही त्याला अपवाद नाहीत. भिंतीवरून चेंडू येतात, तारखेला जाऊन आलेला कैदी अंगातून काहीतरी आणतो, मुलाकातीत सामानातून येतं, आणि कधी कधी गणवेशातल्या माणसाच्या डब्यातून. याच्या बातम्या तुम्ही वाचताच. अंदमानच्या बंदिवानांच्या आठवणी वाचल्या तर तंबाखूच्या चिमटीसाठी काय काय चालायचं ते दिसतं. जिथे पैसा बाळगता येत नाही तिथे नशा हाच पैसा होतो, ही जुनी रीत आहे.

पण नशा आत कशी येते यापेक्षा ती आत का हवी असते, हे जास्त महत्त्वाचं. २०२२ अखेरच्या सरकारी आकडेवारीप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती. त्यातली जवळपास ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून संपलेला नाही असे. महाराष्ट्रातले मध्यवर्ती कारागृहांतले बराकी क्षमतेपेक्षा जास्त भरलेले असतात हे आपण जाणतोच. पक्क्या कैद्याला निदान काम असतं, सुतारकाम, शेती, विणकाम. कच्च्या कैद्याला काम नाही, तारीख कधी लागेल माहीत नाही, झोपायला कुशीवर वळता येईल एवढी जागा. अशा ठिकाणी ज्याने बाहेर कधी ओढलं नाही तोही ओढायला शिकतो.

याचा उपचारांवर एक परिणाम होतो, तो सहसा लक्षात येत नाही. व्यसनमुक्तीचा कार्यक्रम आखताना आपण समजतो की माणूस तीन महिने, सहा महिने समोर आहे. पक्क्या कैद्याचं ठीक आहे. पण कच्चा कैदी मंगळवारी गटचर्चेत बसतो, बुधवारी जामीन होतो, आणि संध्याकाळी दाराबाहेर असतो. गोळ्यांची पट्टी नाही, चिठ्ठी नाही, पुढच्या डॉक्टरचं नाव नाही.

आणि याच्या उलट चित्रही महाराष्ट्राने बघितलंय. २ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याच्या ससून रुग्णालयातल्या कैद्यांच्या १६ नंबर वॉर्डातून अमली पदार्थांच्या प्रकरणातला एक मोठा आरोपी पळाला. येरवड्यातून उपचारासाठी आणलेला हा माणूस महिनोन्महिने तिथे होता आणि तिथूनच धंदा चालवत होता, असा त्याच्यावर आरोप आहे. खटल्याचा निकाल कोर्ट देईल. मला त्यातून एवढंच दिसतं : विकण्याचा आरोप असलेल्याला तुरुंगातून दवाखान्यात जायचा रस्ता सापडला. ओढणाऱ्याला तो रस्ता सापडत नाही.

जिथे काही वेगळं केलं गेलं

हे सगळं ऐकून निराश होऊ नका. वेगळं करून बघितलेली उदाहरणं आहेत, आणि प्रत्येकातून थोडं शिकता येतं.

अमेरिकेने १९३५ मध्ये केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला व्यसनी कैद्यांसाठी मोठं इस्पितळ-तुरुंग उघडलं. शेती, कारखाना, डॉक्टर, सगळं. तिथे माणसं बरी व्हायची. पण घरी परतली की बहुतेक जण पुन्हा व्यसनाकडे वळायचे, कारण घरी परतल्यावर मागे कोणी नसायचं. सत्तरच्या दशकात ते बंद झालं.

आपल्याकडे १९७५ मध्ये जयपूरच्या तुरुंगात गोएंका गुरुजींचं विपश्यना शिबिर झालं. पुढे १९९३ मध्ये किरण बेदी तिहारच्या प्रमुख झाल्या, त्यांनी संस्थांना आत येऊ दिलं, आणि १९९४ मध्ये हजारावर कैद्यांचं शिबिर तिहारमध्ये भरलं. विपश्यनेचं मोठं केंद्र आपल्या इगतपुरीत, म्हणून आपल्याला त्याचं कौतुक. पण दहा दिवस मौनात बसायला शरीर आधी टर्कीतून बाहेर आलेलं लागतं. मनाचं काम नंतरचं, आधी औषध.

ते औषधाचं काम तिहारमध्ये २००८ ला सुरू झालं. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी, रोज, डॉक्टरच्या देखरेखीखाली. गर्दच्या ओढीला ती थोपवते, सुई टोचणं थांबतं, माणूस जागेवर राहतो. दक्षिण आशियातल्या तुरुंगांत हे पहिल्यांदाच होत होतं. काहींना हे पटत नाही, एका नशेऐवजी दुसरी नशा म्हणतात. पण मधुमेह्याला रोज इन्सुलिन लागतं तेव्हा आपण तसं म्हणत नाही.

एक सावधगिरी सांगतो. आज आपल्या पट्ट्यातला मोठा प्रश्न एमडीचा आहे, मेफेड्रोनचा. २०१५ मध्ये ते एनडीपीएसच्या यादीत आलं. कच्चा माल रसायनाचा, आणि आपला जिल्हा रसायनाच्या कारखान्यांचा. या नशेला ब्युप्रेनॉर्फिनसारखी बदली गोळी नाही. एमडी तुटलं की माणूस खोल उदासीत जातो, आत्महत्येचा विचार करतो. म्हणजे तिथे डोळ्यांत तेल घालून बघणारा माणूस आणि समुपदेशक, हेच औषध. गोळी देऊन मोकळं होता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास २००७ सालचा, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला. तीस हजारांवर सुटलेल्या कैद्यांचा मागोवा घेतला. सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत नशेच्या अतिमात्रेने मरण्याचा धोका राज्यातल्या इतर लोकांच्या १२९ पट होता. का? आत राहून शरीराची सवय उतरलेली असते. बाहेर आल्यावर माणूस जुन्या हिशेबाने तेवढीच मात्रा घेतो, आणि ती त्याला पेलत नाही. म्हणजे ज्या दिवशी घरचे म्हणतात 'सुटला एकदाचा', तोच त्याच्या आयुष्यातला सर्वांत धोक्याचा पंधरवडा.

मग पनवेलने काय करायचं

नवे कायदे मागायची फारशी गरज नाही, आहेत तेच पुरेसे बोलतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि नशेमुळे होणाऱ्या मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलंय. त्याच कायद्याचं कलम १०३ म्हणतं, प्रत्येक राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसिक आरोग्याचं केंद्र सरकारने उभारावं. तुरुंगातल्या डॉक्टरांना या उपचारांचं प्राथमिक प्रशिक्षण द्यावं, असंही तो कायदा सांगतो. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेले मंडेला नियम तर स्पष्ट म्हणतात की कैद्याला बाहेरच्या माणसाइतकेच उपचार मिळावेत, आणि व्यसनाचे उपचार आत-बाहेर सलग चालावेत. 'सलग' हा त्यातला कळीचा शब्द.

म्हणून तीन जागा मला दिसतात. पहिली, अटकेनंतरचे तीन दिवस. आरोपीची वैद्यकीय तपासणी कायद्याने होतेच, ती आपल्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी होते. तिथे दोन प्रश्न वाढवा : रोज काय घेतोस, आणि शेवटचं कधी घेतलंस? १८९४ च्या वहीत नसलेला रकाना एवढाच आहे. उत्तर 'रोज, कालपर्यंत' असं आलं तर त्या माणसाला कोठडीत विनागोळ्या पाठवायचं नाही.

दुसरी, कोर्टाचा व्हरांडा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून गरीब आरोपीला मोफत वकील मिळतो. त्या वकिलाने कलम ३९ आणि ६४-ए चा अर्ज तयार ठेवावा, आणि मान्यताप्राप्त केंद्रांची यादी, कुठे खाट रिकामी आहे यासकट, त्याच्याकडे असावी. ही यादी ठेवायचं काम पनवेलमधली एखादी संस्था सहज करू शकेल.

तिसरी, तळोज्याचं दार. संध्याकाळी सुटलेला माणूस पिशवी घेऊन बाहेर येतो. बेलापूरला, पनवेल स्टेशनला जायला निघतो, आणि पहिल्या तासात त्याला ओळखीचा कोण भेटतो यावर पुष्कळ काही ठरतं. पुडीवाला भेटला तर एक गोष्ट, व्यसनातून सुटलेला कोणी भेटला तर दुसरी. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, नार्कोटिक्स अॅनॉनिमसचे गट मुंबई परिसरात वर्षानुवर्षं सभा घेतात. त्यांतल्या एकाने दाराशी उभं राहून म्हणावं, 'चल, आधी चहा घेऊ, मग सभेला जाऊ.' सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६, ती चिठ्ठी त्याच्या खिशात असावी. आणि घरच्यांना एवढं नक्की सांगितलेलं असावं की हा पंधरवडा त्याला एकटं सोडू नका.

यात लाखो रुपये लागत नाहीत. उरणच्या भट्ट्यांपासून एमडीपर्यंत आपण पदार्थ बदलत गेलेले पाहिले, कायदे बदलत गेलेले पाहिले. माणूस मात्र प्रत्येक वेळी त्याच तीन ठिकाणी निसटत गेला : कोठडीतले पहिले दिवस, कोर्टातला अर्धा तास, आणि सुटल्यानंतरचा पंधरवडा. ही तीन ठिकाणं आपल्या शहरात कुठे आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तिथे कोण उभं राहणार, हे ठरवायचं काम आता तुमच्याकडे.